ज्यांचा प्रश्न, त्यांचाच अभ्यास

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, दारूखान्याच्या परिसरात, समुद्रात शिरलेल्या एका जुन्या धक्क्यावर कौला बंदर नावाची वस्ती आहे. जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची (आता मुंबई पोर्ट ऑथॉरिटी), म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली. काही दशकांपूर्वी तामिळनाडूतून आलेल्या कुटुंबांनी इथे पहिली बिऱ्हाडं थाटली. मागाहून उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं आली. सरकारदफ्तरी ही ‘अघोषित’ झोपडपट्टी. घोषित वस्तीला निदान पाणी, संडास, कचरा उचलणं यांची मागणी हक्काने करता येते. अघोषित वस्तीला तोही आधार नसतो.

त्यामुळे कौला बंदरात पाणी विकत घ्यावं लागे. पाणी विकणारे जमिनीखालच्या जलवाहिनीला मोटर लावून पाणी खेचत आणि लांबच लांब पाइपांनी ते गल्लीबोळांत पोचवत. पाइप दारापाशी आला की घरातली पिंपं, कॅन, हंडे, मिळेल ते भरून घ्यायचं, कारण पुन्हा पाणी कधी येईल याचा नेम नाही. या पाण्याचा सविस्तर अभ्यास २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय आरोग्यविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा पालिकेचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये होता. कौला बंदरातली बहुतेक कुटुंबं त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती, म्हणजे हजार लिटरला साधारण ११७ ते ४६४ रुपये. एवढं मोजूनही काही ऋतूंत ९५ टक्के घरांत माणशी दिवसाला ५० लिटर पाणीसुद्धा वापरलं जात नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं किमान प्रमाण तेवढंच आहे.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पावसाळ्यात पाइपातून येणाऱ्या पाण्याचे निम्मे नमुने दूषित निघाले. इतर ऋतूंत मात्र पाइपातलं पाणी चांगलं होतं आणि तरीही घरात साठवलेलं पिण्याचं पाणी बाराही महिने दूषित सापडलं. म्हणजे या ऋतूंत पाणी बिघडत होतं ते घरातल्या पिंपात. आणि पिंपात साठवून ठेवण्यावाचून इलाज नव्हता, कारण पुरवठ्याचा भरवसा नव्हता. ‘गरिबांना स्वच्छतेच्या सवयी नाहीत’ असं सहज म्हणणाऱ्यांना या अभ्यासाने उत्तर दिलं. रोज ठरल्या वेळी नळाला पाणी आलं असतं, तर ते दिवसेंदिवस साठवावंच लागलं नसतं.

हे सगळं शोधलं कुणी? अमेरिकेतल्या विद्यापीठाशी संबंधित डॉक्टर या कामात होतेच. पण घरोघरी जाऊन माणसांशी बोलणारे, नोंदी करणारे, कोणत्या गल्लीत कोणाचं पाणी येतं हे उलगडून सांगणारे होते ‘पुकार’ या मुंबईच्या संस्थेचे तरुण संशोधक. त्यांतले काही कौला बंदरातच राहणारे. ज्या पाण्याचा अभ्यास चालला होता, तेच पाणी त्यांच्या घरातल्या पिंपातही होतं.

परका माणूस आणि हातातला फॉर्म

वस्तीत अनोळखी माणूस हातात फॉर्म घेऊन शिरला की आधी शंका येते. हा पालिकेचा की पोर्ट ट्रस्टचा? घरं मोजायला आला की तोडायला? ज्या वस्तीने तोडक कारवाई पाहिली आहे, तिथे ही शंका अगदी रास्त असते. त्याने पाण्याबद्दल विचारलं, तर खरं उत्तर देणं म्हणजे बेकायदा जोडणीची कबुली देणं. अशा वेळी लोक जुजबी बोलून मोकळे होतात. फॉर्म भरतो, रकाने पुरे होतात, पण हाती काही लागत नाही.

तोच प्रश्न शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या मुलीने विचारला, तर उत्तर वेगळं येतं. ती कुणाची मुलगी, कुठे शिकते, हे मावशींना ठाऊक असतं. शिवाय तिलाही बऱ्याच गोष्टी आधीपासून माहीत असतात. पाणी कुठल्या वेळी येतं, कुणाच्या दारात उधारी चालते, पुरुष घरी असले की बाई काय बोलत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. प्रशिक्षित परक्या संशोधकाला हे कळायला वर्ष लागेल, आणि तेवढा वेळ कुठल्याच प्रकल्पाकडे नसतो.

पण केवळ ‘लोक खरं बोलतात’ एवढ्यासाठी वस्तीतल्या मुलांना कामाला लावणं म्हणजे त्यांची ओळख वापरून घेणं झालं. या पद्धतीचा खरा लाभ पुढे आहे. वस्तीतले तरुण प्रश्नच वेगळे विचारतात. पाण्याचा अभ्यास बाहेरून आखला, तर ‘स्रोत कोणता, किती लिटर, उकळता का’ इथे तो थांबू शकतो. आतला माणूस विचारतो : पाइप दोन दिवस आलाच नाही तर तुम्ही काय करता? त्या दिवशी कामावर कोण जात नाही? शाळा कुणाची बुडते? पाण्याची टंचाई तेव्हा रोजगाराचा आणि शिक्षणाचाही प्रश्न होते.

कौला बंदरातल्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासातही असा विस्तार दिसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५२१ प्रौढांची पाहणी झाली. मनाची अस्वस्थता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी बारा प्रश्नांची प्रश्नावली त्यात होती. तिच्या जोडीला वस्तीतल्या रोजच्या अडचणींची एक वेगळी प्रश्नावली तयार करण्यात आली. सुमारे २३ टक्के लोकांना मानसिक आजाराचा मोठा धोका असल्याचं आढळलं. आणि ज्यांच्या वाट्याला वस्तीतल्या अडचणी जास्त, त्यांच्यात हा धोकाही जास्त, असा संबंध स्पष्ट दिसला. नुसती बारा प्रश्नांची प्रश्नावली वापरली असती, तर माणसं अस्वस्थ आहेत एवढंच कळलं असतं. कशामुळे, हे कळायला वस्तीतल्या जगण्याची माहिती लागली.

ही वाट कुठून आली

ज्यांच्याबद्दल अभ्यास करायचा त्यांनीच तो करावा, हा विचार १९७० च्या दशकात जगात ठिकठिकाणी रुजला. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी शिकणं म्हणजे आपल्या परिस्थितीचा आपण घेतलेला शोध, अशी मांडणी केली होती. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७ साली कार्ताहेना शहरात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अभ्यास आणि कृती हातात हात घालून चालवणाऱ्या या पद्धतीला आपल्याकडे लोकसहभागी कृतिसंशोधन म्हणतात.

महाराष्ट्र या प्रवाहात सुरुवातीपासून आहे. पालघरच्या जंगलपट्टीत काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींची भूमिसेना उभी राहिली. आपल्या जमिनी कुणी बळकावल्या, वेठबिगारी कुठे चालते, याचा छडा लावायचा आणि मग लढ्याची दिशा ठरवायची, ही तिची रीत. १९७९ साली ‘डेव्हलपमेंट डायलॉग’ या नियतकालिकातल्या दीर्घ अभ्यासामुळे भूमिसेनेचं काम जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात ‘अभ्यासगट’ ही पद्धत रुळली : गावकऱ्यांनी एकत्र बसून जंगल, मध, कायदे असा एकेक विषय समजून घ्यायचा आणि मगच ग्रामसभेत निर्णय करायचा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक. त्यामागे अभ्यासाची ही मोठी पूर्वतयारी होती.

शहरातलं ठळक उदाहरण भायखळ्याचं. १९७६ साली राज्यात झोपडपट्ट्यांची गणना झाली, पण फुटपाथवर राहणारी माणसं तीत धरली गेली नाहीत. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची मुभाही पालिकेला दिली. हजारो कुटुंबांवर टांगती तलवार आली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या बायकांना सोबत घेऊन भायखळा भागातल्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. ही माणसं कुठून आली, काय काम करतात, या शहराला त्यांचा काय उपयोग होतो, याची नोंद कागदावर आली. पुढे त्यातूनच ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. आपली गणना आपण करायची, ही पद्धत त्यानंतर आशिया-आफ्रिकेतल्या अनेक शहरांतल्या झोपडपट्टीवासीयांनी उचलली.

संशोधन हा हक्क

मुंबईत वाढलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली एका निबंधात हा विचार आणखी पुढे नेला. त्यांचं म्हणणं असं : संशोधन ही पीएचडी करणाऱ्यांची मिरास मानता कामा नये. आपल्याला जे माहीत नाही पण माहीत असायला हवं, ते पद्धतशीरपणे शोधून काढण्याची क्षमता प्रत्येक नागरिकाला लागते. नोकरी, घर, आजार, दंगल, स्थलांतर, कशालाही तोंड देताना ती लागते. म्हणून संशोधन हा हक्क मानला पाहिजे. ‘पुकार’ ही संस्था त्यांच्याच पुढाकाराने २००१ साली सुरू झाली. अमेरिकेत नवजात अर्भकांच्या डॉक्टर म्हणून काम केलेल्या डॉ. अनिता पाटील-देशमुख यांनी पुढे तिची धुरा वाहिली.

२००५ पासून पुकारने युवा फेलोशिप चालवली. तिची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही, दहा-बारा जणांचा गट हवा. कॉलेजात जाणारे, शाळा सुटलेले, काम करणारे, कुणीही चालेल. विषय गटाने ठरवायचा, तोही स्वतःच्या जगण्यातला. मग वर्षभर शिक्षण आणि काम बरोबरीने चालतं : प्रश्न कसा मांडायचा, मुलाखत कशी घ्यायची, निरीक्षण कसं टिपायचं, प्रश्नावली कशी बेतायची, माहिती कशी लावायची. शेवटी सर्वांसमोर मांडणी. ज्यांना शाळेत ‘गप्प बस’ एवढंच ऐकवलं गेलं, असे तरुण इथे आपल्या अभ्यासाबद्दल लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. शेकडो तरुणांना दर वर्षी हा अनुभव मिळाला.

गटाने विषय स्वतः ठरवायचा, हा या रचनेचा कणा आहे. ‘असर’ पाहणीशी तुलना केली की त्याचं महत्त्व कळतं. डॉ. माधव चव्हाण यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून २००५ साली ही पाहणी सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यातले तरुण स्वयंसेवक ३० गावांत, दर गावात २० घरी जातात आणि मुलांना अक्षरं, शब्द, उतारा, गोष्ट वाचायला देतात. २०२२ साली ६१६ जिल्ह्यांतल्या जवळजवळ सात लाख मुलांपर्यंत ही पाहणी पोचली. आपल्या शाळांत मुलं वर्षानुवर्षं बसतात, पण वाचायला शिकत नाहीत, हे देशाला या तरुणांनी दाखवून दिलं. ते काम मोठंच आहे. पण तिथे प्रश्न वरून ठरलेला असतो, आणि देशभर तुलना करायची म्हणून तो तसा असावाही लागतो. स्वयंसेवक माहिती गोळा करतो. संशोधक व्हायचं, तर प्रश्न आपला असावा लागतो.

हा फरक तपासायला रॉजर हार्ट यांची शिडी उपयोगी पडते. मुलांच्या सहभागाविषयी युनिसेफसाठी त्यांनी १९९२ साली ती मांडली. शिडीला आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलं केवळ वापरली जातात : मोठ्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून वदवणं, कार्यक्रमात शोभेसाठी उभं करणं, नावापुरतं मत विचारणं. चौथीपासून खरा सहभाग सुरू होतो. काम काय आहे हे मुलांना नीट सांगितलेलं असतं आणि ती मनापासून त्यात उतरलेली असतात. वर वर जावं तसा निर्णयातला त्यांचा वाटा वाढतो. आपल्याकडच्या कित्येक ‘युवा सर्वेक्षणां’ना ही शिडी लावून पाहावी. टी-शर्ट वाटले, फोटो निघाले, पण अहवाल कुणी लिहिला आणि त्यात काय आलं हे पोरांना कळलंच नाही, तर ते काम खालच्या तीन पायऱ्यांवरच राहिलं.

विचारण्याची रीत

वस्तीतल्या संशोधकाची मोठी अडचण म्हणजे ओळख. ज्या ओळखीमुळे दार उघडतं, तिच्याचमुळे तोंड मिटतं. लैंगिक आरोग्य, घरातली मारहाण, व्यसन, कर्ज यांविषयी शेजारच्या मुलीला सांगायचं कसं? उद्या ती नळावर भेटणार.

यावर नील प्राइस आणि किर्स्टन हॉकिन्स या अभ्यासकांनी झांबियातल्या तरुणांबरोबर काम करताना एक उपयुक्त पद्धत वापरली आणि २००२ साली ती प्रसिद्ध केली. तीत संशोधक तरुण आपल्या मित्रमैत्रिणींशी बोलतात, पण कुणालाही स्वतःबद्दल विचारत नाहीत. ‘तू रात्री संडासला जायला घाबरतेस का?’ असं विचारायचं नाही. ‘इथल्या मुलींना रात्री जायची वेळ आली, तर त्या काय करतात?’ असं विचारायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग उत्तरं मोकळेपणाने येतात : कुणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, कुणी बहिणीला उठवते, कुणी सकाळपर्यंत थांबते. यातलं कुठलं उत्तर सांगणारीचं स्वतःचं, हे शोधायची गरज नसते. वस्तीत काय चालतं, लोक कशाला योग्य म्हणतात आणि प्रत्यक्षात काय करतात, हे चित्र उभं राहतं.

नकाशा हे दुसरं सोपं साधन. मुलांना आणि मुलींना वेगवेगळं बसवून वस्तीचा नकाशा काढायला सांगावा. मैदान, नाका, क्लास, दुकान, संडास, दिवा नसलेला बोळ. एकाच वस्तीचे दोन नकाशे समोरासमोर ठेवले की पुढे काय विचारायचं ते आपोआप सुचतं : मुलींच्या नकाशात मैदान का नाही? हा बोळ मुलांना दिसलाच कसा नाही? सर्वेक्षणाचा पहिला मसुदा अशा बैठकीतून निघाला, तर तो कार्यालयात बसून काढलेल्या मसुद्यापेक्षा सरस ठरतो.

जबाबदारी कुणाची

हे काम तरुणांवर सोपवताना मोठ्यांची जबाबदारी वाढते. आपल्या देशाने १९९२ साली संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा स्वीकारला. त्याच्या कलम १२ नुसार मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे. तो हक्क देताना सुरक्षितताही द्यावी लागते.

मुलाखत घेणारा अठरा वर्षांखालचा असो वा उत्तर देणारा, पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही हवा. उत्तर देणाऱ्या मुलांबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. मुलाखतीत बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कानावर आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने हे ओझं एकटीने उचलू नये. अशा वेळी कुणाला फोन करायचा, पुढे कोण बोलेल, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असावं. ज्या गल्लीत आपण राहतो ती सोडून दुसऱ्या गल्लीतल्या मुलाखती घ्याव्यात, वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, ऐकलेलं घरीही बोलू नये, हे नियम साधे आहेत. पण ते पुन्हा पुन्हा घोटून घ्यावे लागतात.

पैशाचा विषय मात्र बहुतेक प्रकल्प टाळतात. मुख्य संशोधकाला पगार, विश्लेषण करणाऱ्याला मानधन आणि वस्तीतल्या मुलांना प्रमाणपत्र, ही वाटणी अन्यायाची आहे. ज्या घरात रोजची कमाई मोजावी लागते, तिथला मुलगा वर्षभर शनिवार-रविवार फुकट देतो तेव्हा ते घर त्याची किंमत मोजत असतं. मोबदला द्यावा, आणि अहवालावर नावही घालावं. विश्लेषणाच्या टेबलावरही ही मुलं बसलेली असावीत. आकड्यांचा अर्थ लावताना सगळ्यात मोठ्या चुका होतात, आणि त्या ओळखायला आतली नजर लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. वस्तीतला संशोधकही कुठल्यातरी जातीचा, भाषेचा, गटाचा असतो. काही दारं त्याच्यासाठी बंदच राहतात. जे त्याला रोजचं वाटतं, ते नोंदवायचं त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून बाहेरचा डोळाही हवा. कौला बंदरात डॉक्टर, प्रयोगशाळा आणि वस्तीतले तरुण एकत्र होते, त्यामुळेच पिंपातल्या पाण्याची गोष्ट पुराव्यानिशी मांडता आली.

आणि पुरावा मिळाला म्हणून नळ येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपडपट्टीतल्या माणसांनाही पाणी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. त्यानंतरही पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ साल उजाडलं. मधली वर्षं अर्ज, मोर्चे आणि पाठपुराव्याची होती. त्या पाठपुराव्याला भक्कम माहिती लागते. ती ज्यांच्याकडे स्वतःची असते, त्यांना अधिकाऱ्यासमोर हात जोडून उभं राहावं लागत नाही, मुद्देसूद बोलता येतं.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत आज यासाठी जागा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी वर्षाला १२० तास देतात. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. हे तास झाडलोट, फेऱ्या आणि घोषवाक्यांत संपवू नका. प्राध्यापक असाल, तर या वर्षीच्या प्रकल्पाचा विषय फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना विचारा, तुमच्या गल्लीत, वाडीत, पाड्यावर असं काय आहे जे तुम्हाला कळून घ्यायचंय? आलेल्या उत्तरांतून त्यांनाच एक निवडू द्या, पद्धत शिकवा, सोबत राहा. अभ्यास झाल्यावर तो आधी त्या वस्तीत वाचून दाखवा आणि मग विद्यापीठाला पाठवा.